चाळणीची मलमल

उजव्या हाताची मूठ छातीवर दोनदा आपटायची, हनुवटी जरा वर करायची आणि म्हणायचं, “आपण आहोत ना.” कारखान्यात कुणाचंही काहीही अडलं की हा कार्यक्रम ठरलेला. साखरेचं पिंप हलत नाही, आपण आहोत ना. नळाला पाणी नाही, आपण आहोत ना. पोलिसांनी लालबागचा नाका अडवलाय, पॅकिंगच्या बायकांना घरी कसं पोचवायचं, तरी आपण आहोतच. मूठ आपटल्याचा आवाज चांगला दणदणीत यायचा. आम्ही हसायचो, पण तो आवाज ऐकून बरं वाटायचं हेही खरं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. प्रत्येक चाळीत, प्रत्येक खात्यात असा एकजण असतोच, आणि तो असेपर्यंत कुणी त्याच्याकडे नीट बघत नाही. ह्याचं नाव मी इथं लिहीत नाही. का, ते पुढं वाचलंत की कळेल. आम्ही सगळे त्याला पैलवान म्हणायचो आणि तेवढं पुरे.

काळाचौकीकडून रे रोडला जाताना लाकडाच्या वखारी लागायच्या. त्यातल्याच एका जुन्या वखारीत शेठनं औषधी गोळ्यांचा कारखाना थाटला होता. खाली गोळ्या पाडायची यंत्रं, माडीवर शेठची खोली, मागं अंगण आणि अंगणात नळ. मी गिरगावातून तिथं जायचो. तयार गोळ्यांचं वजन बघायचं, त्या पाण्यात वेळेवर विरघळतात का ते बघायचं, चुरा होत असेल तर कळवायचं, एवढंच माझं काम. पैलवान मला नावानं हाक मारायचा नाही, गिरगावच म्हणायचा. “काय रे गिरगाव, आज कोणाक नापास केलास?” अशी आमची सकाळ उजाडायची.

तो मूळचा मालवणकडचा. लालबागला चुलत्याच्या खोलीत राहायचा, संध्याकाळी तालमीत घुमायचा आणि मोर्चा असला की झेंडा धरून सगळ्यांच्या पुढं. ते दिवसच तसे होते. मुंबई महाराष्ट्राची झाली पाहिजे, ह्याशिवाय नाक्यानाक्यावर दुसरा विषय नव्हता. पैलवानाला मात्र आणखी एक विषय होता. गावाला नवी नवरी होती आणि तिला मुंबईत आणायचं होतं. चुलत्यानं खोलीत पडदा लावून अर्धी जागा देतो म्हटलं होतं. “मुंबई घेऊचीच, आणि बायलेकही हाडूचीच,” असं तो दोन्ही कामं एकाच मोर्च्यात उरकणार असल्यासारखं सांगायचा.

मग ती पावडर आली.

शेठनं एक नवीन काम धरलं होतं. बायकांच्या तक्रारींवर द्यायच्या हार्मोनच्या गोळ्या. त्यासाठी परदेशातून बोटीनं एक डबा आला. डबा म्हणजे आपल्या चहापावडरीच्या डब्याएवढा, पण आमच्या केमिस्टनं तो दोन्ही हातांत धरून असा आणला की आम्ही सगळे आपोआप बाजूला झालो. केमिस्ट दादरचे होते. वयस्कर, सज्जन, शेठसमोर आवाज न निघणारे. त्यांनी डब्यावरचं इंग्रजी आम्हाला मराठीत समजावून सांगितलं. सुईच्या टोकावर राहील एवढी पावडर एका गोळीला पुरते. म्हणून हात लावायचा नाही, धूळ नाकात जाऊ द्यायची नाही. तोंडाला फडकं, हातात रबरी मोजे, काम करताना वेगळे कपडे, काम संपलं की आंघोळ. खोलीत खायचं नाही, विडी ओढायची नाही. डबा घट्ट झाकण लावून, दमट हवा लागणार नाही अशा कपाटात, कुलपात ठेवायचा. सांडलेली धूळ झाडायची नाही, ओल्या फडक्यानं टिपून घ्यायची. ते फडकं आणि चाळणीचं कापड गटारात टाकायचं नाही, भंगारात द्यायचं नाही, अंगणात जाळायचं.

“हे काम करणार कोण?” केमिस्टनी विचारलं. मूठ दोनदा वाजली.

आता हे नियम कसे एकेक करून गळाले ते सांगतो, कारण ते कुणी मुद्दाम मोडले नाहीत. माडीखालची एक कोंदट खोली ह्या कामाला दिली. पंखा लावला तर महागाची पावडर उडेल म्हणून पंखा नाही, खिडकी बंद. त्या उकाड्यात तोंडावरचं फडकं पहिल्या आठवड्यातच गळ्यात आलं. रबरी मोजे एकच जोडी होती, ती फाटली आणि नवी मागवली आहे असं शेठ सांगत राहिले. वेगळे कपडे म्हणजे त्याचाच जुना सदरा आणि लेंगा. राहिली आंघोळ. ती मात्र तो मनापासून करायचा. उघड्या अंगानं नळाखाली बसून भजनं म्हणत इतकी लांबवायचा की मागचे लोक शिव्या घालायचे. पण मोर्च्याच्या दिवशी किंवा संचारबंदीची हूल उठली की आंघोळीला वेळ कुठला? तसाच पांढऱ्या हातांनी पळायचा.

आणि मग ती मलमल. पावडर दुधापासून काढलेल्या कोरड्या साखरेत मिसळून बारीक चाळायची असायची, त्याला ही चाळणीची मलमल. एकेक खेप झाली की चाळणीचं कापड काढून नवं लावायचं आणि जुनं जाळायचं. पहिलं कापड पैलवानानं जाळलं. दुसऱ्याला मात्र त्याचा हात थांबला. माझ्यासमोर त्यानं ते उजेडात धरलं आणि म्हणाला, “एवढी तलम मलमल जाळायची? आमच्या गावात नवऱ्यामुलाच्या अंगावरसुद्धा नसता असली.” त्यानं ती सोडा घालून खळखळून धुतली आणि अंगणातल्या दोरीवर वाळत टाकली. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या काळात कुणाच्या घरी कापड टाकलं जायचं? धोतर विरलं की त्याचा पंचा, पंचा विरला की लहान पोरांची लंगोटी, आणि तीही फाटली की पोतेरं. माझ्या आईनं सुद्धा ती मलमल जाळली नसती.

मोर्च्यात अश्रुधूर सोडत, तेव्हा त्याच मलमलीचे ओले तुकडे तो आमच्या हातात द्यायचा. “तोंडावर धर, डोळ्याला लाव.” केमिस्टचा डब्याचा धडा आणि पोलिसांचा धूर ह्यांची गाठ त्यानं अशी घातली होती. उरलेलं कापड घडी करून घरी.

मूठ वाजायची बंद झाली ते माझ्या लगेच लक्षात आलं नाही. एके दिवशी यंत्राचा पट्टा घसरला, सगळ्यांनी सवयीनं पैलवानाकडे पाहिलं. त्याचा हात छातीकडे गेला, मूठ टेकली मात्र, आणि त्याच्या तोंडून ‘स्स’ असा आवाज आला. “काय झालं रे?” मी विचारलं. “काय नाय, मोर्च्यात लाठी बसली.” लाठी म्हणजे त्या दिवसांत मानाची गोष्ट. सगळ्यांनी त्याला चहा पाजला. तोही प्यायला, मान खाली घालून.

मग त्याचं भजन थांबलं. नळावर तो शेवटी यायला लागला, सदऱ्यासकट अंगावर दोन तांबे ओतून घ्यायला लागला आणि पुढं पुढं तेही टाळायला लागला. जो एक नियम तो पाळत होता तोही गेला. उन्हाळ्याच्या घामट दिवसांत गळ्यापर्यंत बटणं लावलेली. तालीम सोडली. कुणी विचारलं की लाठीचं निमित्त तयार होतं. चेष्टा करणारे म्हणाले, पैलवानाला कुणीतरी गावाहून दम भरला वाटतं. तो हसायचा. पण ते हसू त्याचं नव्हतं, आणि त्याला तसं हसताना बघून मला चीड यायची. कुणाची, ते कळायचं नाही.

एकदा दुपारी मी पिंपांच्या मागं काही शोधायला गेलो, तर तो तिथं पाठमोरा उभा होता. सदरा काढलेला, आणि छातीभोवती आवळून गुंडाळलेली मलमल तो सोडत होता. कातडीवर तिचे वळ उठले होते. मला पाहून तो वळला आणि दोन्ही हात छातीवर घेतले, अगदी बाई घेईल तसे. मी जे पाहायचं ते पाहिलं होतं. छाती दोन्ही बाजूंनी फुगून आली होती आणि ती मेदाची नव्हती, हे मलाही कळत होतं.

“माका हसू नको,” तो म्हणाला.

“नाही हसत.”

“गिरगाव, मी बाईलमाणूस होत चाललंय रे.”

हे सांगताना तो रडला नाही. मोर्च्याच्या पुढं चालणारा, पोलिसाच्या डोळ्याला डोळा देणारा तो गडी भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली बसला. मग त्यानं सगळं सांगितलं. एका वैद्यानं लेप दिला होता. त्यानं गाठी आणखी दुखायला लागल्या. एक देवऋषी म्हणाला, गावाकडून करणी आहे. त्याला नारळ झाला, कोंबडा झाला. नवऱ्याचं म्हणून जे अंगात असतं तेही विझत चाललंय, असं तो जमिनीकडे बघत म्हणाला. मी डॉक्टरचं नाव काढलं, तर त्यानं माझं मनगट धरलं. “डॉक्टरासमोर सदरो काढू? उद्या लालबागभर होईल. कोणाक सांगशीत तर मी धक्क्यावरून उडी मारीन, तुका सांगून ठेवतंय.” त्यानं ती मलमल पुन्हा छातीवर घेतली आणि एक टोक माझ्या हातात दिलं. मी ओढून धरलं, त्यानं गिरक्या घेत गुंडाळून घेतली. पावडरीचं मलाच काय, कुणालाच सुचलं नाही. विष म्हणजे ओकारी, चट्टे, चक्कर, एवढंच आम्ही समजायचो. ह्या पावडरीनं त्यातलं एकही केलं नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वहिनी आल्या. तो चालढकल करत होता, पण गावाहून आईनं सोबत बघून सुनेला बोटीत बसवून दिलं. वहिनी बारीक चणीच्या, मोकळ्या हसणाऱ्या. पैलवान गॅलरीत झोपायला लागला आणि चुलतीला सांगितलं की संयुक्त महाराष्ट्राचं राज्य होईपर्यंतचा नवस आहे. हा नवस काही टिकला नाही. चाळीतल्या बायकांनी तो टिकूही दिला नसता. काय झालं, कसं झालं, त्याचं त्याला माहीत. अंधारात सदरा न काढता नवऱ्यानं आपल्या बायकोशी संसार करायचा, ह्याच्यापुढं मी विचार नेत नसे.

आणि एके दिवशी तो धावतच आला. मला कोपऱ्यात ओढलं. “गिरगाव, बातमी आहे.” इकडेतिकडे बघून तो म्हणाला, “तिका दोन महिने… म्हणजे पाळी चुकली. चुलतीनं ओळखलान. बाळ येतंय.” आणि त्यानं मूठ उचलली आणि छातीवर आपटली, दोन वेळा, दुखत असूनही. डोळ्यांत पाणी आलं ते दुखण्यानं की कशानं कोण जाणे. “म्हणजे मी आहे,” तो म्हणाला. “मी आहे रे अजून.”

त्या दिवसांत तो पूर्वीसारखा वाटायचा. भजन पुन्हा गुणगुणायचा. वहिनी त्याचे कपडे रोज धुवायच्या, ते पांढरं काही केल्या पूर्ण जायचं नाही म्हणून दगडावर घासघासून धुवायच्या. बाळाला पहिलं कापड नवं घालायचं नसतं, जुनं, वापरून मऊ झालेलं घालायचं. हे तुमच्याआमच्या सगळ्यांच्या घरचं आहे. वहिनींना त्यासाठी लांब जायला नको होतं. पैलवानानं साठवलेल्या मलमलीतून त्यांनी झबली बेतली. जन्माआधी शिवू नये म्हणतात म्हणून शिवली नाहीत, नुसती कापून उशीखाली ठेवली. तो मला हे सांगायचा तेव्हा बोटांनी झबल्याचं माप दाखवायचा. वीतभरसुद्धा नसायचं ते.

पुढच्या महिन्यात वहिनींना रक्तस्राव सुरू झाला. चुलती वहिनींना घेऊन निघाली आणि पैलवान मलाही घेऊन गेला, कारण इस्पितळात इंग्रजीत काही विचारलं तर आपल्याला कळायचं नाही, ही त्याची भीती. परळच्या त्या इस्पितळात एक डॉक्टरीणबाई होत्या. वहिनींना तपासून त्या बाहेर आल्या आणि हात पुसत म्हणाल्या, “गर्भ गेला असं समजू नका. गर्भ राहिलाच नव्हता.”

“पण चुकली होती,” पैलवान म्हणाला. “आमची चुलती खोटं बोलूची नाय.”

“चुकली होती, खरं आहे. दुसऱ्या कारणानं. तुम्ही काम कुठं करता?”

“गोळ्यांच्या कारखान्यात.”

“कसल्या गोळ्या?”

तो माझ्याकडे बघायला लागला. मी सांगितलं. बाईंनी हात पुसायचं थांबवलं. त्याच्या गळ्यापर्यंतच्या बटणांकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “सदरा काढा.” मग माझ्याकडे वळून, “तुम्ही बाहेर थांबा.”

“त्याका ठाऊक आहे. थांबू दे,” पैलवान म्हणाला. आणि बटणं काढायला लागला.

बाईंनी मलमलीचा एक पदर दोन बोटांत धरून चोळला आणि हे कापड कुठलं म्हणून विचारलं. त्यानं सगळं सांगितलं. घरी किती आहे, त्याचं काय काय केलंय, झबलीसुद्धा. बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “ही करणी नाही आणि तुमच्यात काही खोटही नाही. त्या गोळ्या बाईच्या अंगात जे करतात तेच ती पावडर तुमच्या अंगात करते आहे. नाकातून गेली, कातडीतून गेली. तुमच्या कपड्यांतून हिच्या हातांत गेली. धुतल्यानं ती सगळी जात नाही. हे अंगावरून काढा. घरात असेल नसेल ते जाळा. ते काम सोडा.”

“मग मूल होईल?”

“लांब राहा त्यापासून. शरीर सावरतं पुष्कळदा. पण मी वचन देत नाही.”

परत येताना वहिनी पुढं चुलतीचा हात धरून चालल्या होत्या. पैलवान माझ्याबरोबर. चालता चालता म्हणाला, “म्हणजे घरी मीच आणली. बायलेच्या हातात मीच दिली. पोराचं कापड म्हणून.” मी काहीतरी बोललो असेन. काय बोललो ते आठवत नाही, आणि ते आठवण्यासारखं नसणारच.

त्यानं ठरवलं ते असं. काम सोडायचं, अंगात ताप आहे म्हणून सांगायचं आणि गुपचूप गावी जायचं. कारण सांगायचं नाही. मलाही ते पटलं. दुसऱ्या दिवशी तो आपला तांब्या आणि पंचा न्यायला आला. अंगणात दोरीवरून तुकाराम मलमल उतरवत होता. तुकाराम यंत्रावरचा कामगार. पैलवानाच्या तापाचा निरोप सकाळी मिळताच शेठनं त्याच्या जागी ह्याला त्या खोलीत घातलं होतं.

“पैलवान, ही नेऊ का मी?” तुकारामनं विचारलं. “घरात बायको पोटुशी आहे. पोराला मऊ कापड लागेल.”

पैलवान त्याच्याकडे बघत उभा राहिला. मी पैलवानाकडे बघत होतो. निघून जाणं सोपं होतं. दार समोर होतं, हातात तांब्या होता, आणि लालबागला कुणाला काही कळणार नव्हतं. त्यानं तांब्या खाली ठेवला आणि माडीकडे तोंड करून शेठला हाक मारली. असली हाक त्या कारखान्यात कुणी शेठला मारली नव्हती.

शेठ जिन्यात आले. यंत्रं थांबली. पॅकिंगच्या बायका दारात आल्या, केमिस्ट आले. पैलवान म्हणाला, “त्या खोलीत कोणाक पाठवू नका. ती पावडर वाईट आहे.”

“वाईट म्हणजे?” शेठ म्हणाले. “कोणी मेला काय? चट्टे उठले? ताप आला? एवढे दिवस काम केलंस, चांगला धडधाकट उभा आहेस. काम सोडायचं तर सोड, दुसऱ्यांना भडकवू नकोस. काय झालंय तुला? दाखव.”

पैलवानानं सदऱ्याला हात घातला. मग त्यानं वरचं बटण काढलं. मग दुसरं. कसलीच घाई नसल्यासारखं सगळी बटणं काढली, सदरा उतरवला आणि लोकांत यायचं म्हणून छातीवर अजूनही बांधलेली मलमल सोडून हातात घेतली. आणि ज्यांच्यापासून तो इतके महिने लपत होता त्यांच्यासमोर, भर उन्हात, हात खाली सोडून उभा राहिला.

मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि तिथंच थांबलं. बायकांनी माना वळवल्या. केमिस्टनी चष्मा काढला आणि तो नुसताच पुसत राहिले. शेठ भिंतीकडे बघून म्हणाले, “घाल, घाल अंगात.” पण त्यानं घातला नाही. तो तुकारामला म्हणाला, “नीट बघ. हे बघून मग कापड घरी ने.” तुकारामच्या हातून मलमल खाली पडली.

त्या दिवशी त्या खोलीत कुणी गेलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. शेठनं आरडाओरडा केला, पण यंत्रं सुरू होईनात. शेवटी खोलीला कुलूप लागलं. ती उघडली ती फार पुढं, खिडकीत धूळ ओढणारा पंखा बसल्यावर, मोजे आल्यावर, कारखान्याचे कपडे कारखान्यातच धुवायची सोय झाल्यावर. ह्याचं श्रेय पुढं कुणाकुणाला दिलं गेलं, त्याची मजा मी पुष्कळ ऐकली.

दुपारी वहिनी घरचं गाठोडं घेऊन आल्या. सदरे, लेंगे, अभ्रे, मलमलीच्या घड्या. केमिस्टनी स्वतः अंगणातल्या डब्यात रॉकेल ओतलं आणि सगळ्यांना वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभं केलं. पैलवान लांब काठीनं एकेक कापड आत ढकलत होता. सगळ्यात खाली बेतलेली झबली होती. ती दिसली आणि काठी थांबली. वहिनी पुढं आल्या.

“ह्यां माका दिया,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातान टाकतंय.”

त्यांनी ती टाकली, एकेक, घडी न मोडता. मलमल कशी भुर्रकन जळते ते तुम्हाला माहीत असेल. बघता बघता काही उरलं नाही. मग केमिस्टनी त्यांना नळावर नेऊन दोन्ही हात साबणानं धुवायला लावले, पुन्हा पुन्हा, आणि वहिनी धुतच राहिल्या.

लालबागला बातमी त्याच्याआधी पोचली होती. ज्या नाक्यावर तो झेंडा घेऊन उभा राहायचा तिथं पोरं टाळ्या वाजवून त्याला एका नावानं हाका मारायला लागली. ते नाव मी लिहीत नाही. तालमीतल्या दोस्तांनी पोरांना झोडलं, पण पैलवानाशी बोलताना तेही खाली बघायचे. ज्याची मूठ वाजली की आम्हाला बरं वाटायचं, त्याला एवढ्या मोठ्या मुंबईत तोंड दाखवायला जागा राहिली नाही. आणि हे कधी? राज्य होणार हे ठरलं होतं, नुसता दिवस यायचा बाकी होता तेव्हा.

बोटीवर पोचवायला मी एकटाच गेलो होतो. भाऊच्या धक्क्यावर गर्दी होती, सकाळचं ऊन होतं. वहिनींनी वळकटीवर बसून डोक्यावरचा पदर सारखा केला. मी म्हटलं, “राज्य होईल तेव्हा यायचं हां. झेंडा कोण धरणार?”

त्याची मूठ सवयीनं वर आली. छातीपर्यंत आली आणि वीतभर अलीकडे थांबली. मग त्यानं ती उघडली आणि माझ्या खांद्यावर ठेवली. “तुम्ही आहात ना,” तो म्हणाला.

तो आला नाही. पत्र नाही, निरोप नाही. मूल झालं का, छाती उतरली का, काही कळलं नाही. गावाकडच्या माणसांना मी विचारायचो, तर ती हसायची. मग मी विचारणं सोडलं.

राज्य झालं त्या दिवशी सगळं लालबाग पताकांनी भरलं होतं. कारखान्यात शेठनं पेढे वाटले. थोड्या वेळानं तुकाराम आला. त्याच्याही हातात पेढ्यांचा पुडा. आदल्या दिवशी मुलगी झाली होती, बाळबाळंतीण सुखरूप होती. त्यानं आधी नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, मगच पुडा सोडला. सगळे हात पुढं करून उभे होते. तो म्हणाला, “थांबा, पहिला पैलवानाचा.”

पण द्यायचा कुणाकडे? तो पेढा हातात घेऊन इकडेतिकडे बघत राहिला. मग अंगणात गेला आणि पैलवान आंघोळीला बसताना तांब्या ठेवायचा त्या नळाजवळच्या कोनाड्यात त्यानं तो ठेवला. बाहेर घोषणा चालल्या होत्या. मी संध्याकाळी हात धुवायला गेलो तेव्हा पेढा तिथंच होता. त्याला मुंग्या लागल्या होत्या.